वरच्या तुकड्यातला राब

आबा, मी तुमच्यावर अजून चिडलेला आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. दर वर्षी तुमचा फोटो पुसतो, हार घालतो, मुलांना नमस्कार करायला लावतो, सगळं रीतसर करतो. पण मे महिन्यापासून दाढी करताना आरशात तुमच्या भुवया दिसल्या की माझं डोकं फिरतं. आज रविवार आहे, दुपार आहे, बायको धाकट्याला घेऊन आडवी झालीय, बाहेर पाऊस पडतोय आणि मी ऑफिसचं पॅड घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलोय. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारा मी काही पहिला नसेन, पण भांडायला म्हणून लिहिणारे थोडेच असतील. तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी भांडायची सोय नव्हती. एक तर तुम्ही शेतात असायचात, नाही तर गप्प असायचात.

मे महिन्यात आम्ही आपल्या गावच्या माळावर तंबू ठोकून राहिलो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "घर हाय, ओटी हाय, आनि पोरांना उघड्यावर झोपवतोस? भिकारी झालास काय?" नाही आबा, उलट आहे. हल्ली ज्यांचं जरा बरं चाललेलं असतं ते असं करतात. माझ्या मुलीच्या शाळेतल्या चार घरांचा एक ग्रुप आहे. सुट्टीत मुलांना मॉलमध्ये न्यायचं नाही, गाडीत घालायचं, रस्त्यानं जे दिसेल ते दाखवायचं, रानात मुक्काम करायचा आणि निघताना जागा होती तशी ठेवून यायचं, हा त्यांचा नेम. प्लास्टिकची पिशवी नाही, कागदी ताटली नाही. स्टीलची ताटं घरून न्यायची आणि राखेनं घासायची, ओढ्यात साबण न्यायचा नाही. लहानग्यांना कापडी लंगोट. संडासला वीतभर खड्डा खणायचा आणि वर माती लोटायची. गाणी मोठ्यानं लावायची नाहीत, पाखरं घाबरतात. कोळसा विकत घ्यायचा नाही, झाड तोडायचं नाही, पडलेली सुकी काटकी तेवढी वेचायची. कचरा गोणपाटात भरून परत कल्याणला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. आपण हे सगळं गरिबीत केलं आणि ह्यांनी त्याची नियमावली छापली!

पण पोरीला फार आवडलं. ती आता सात वर्षांची आहे, धाकटा चारचा. मागच्या हिवाळ्यात खर्डीच्या पुढे तळ्याकाठी पहिला मुक्काम झाला, तेव्हा तिनं स्वतःचं ताट राखेनं घासलं आणि मी सहज बोलून गेलो की माझी आई नारळाच्या शेंडीनं असंच घासायची. झालं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे झाड कुठलं, ही पावलं कोणाची, हे फळ खाऊ का, सगळं मला विचारायला लागले. आबा, खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागलं. ऑफिसात वीस वर्षं माझ्या बोलण्याची टिंगल झालीय, 'नाय' तोंडातून गेलं की कोणीतरी फिदीफिदी हसणार. इथे त्याच बोलण्याला भाव आला. मग काय विचारता, दर मुक्कामाला मी थोडा थोडा जास्त गावठी होत गेलो. मुलांनी घरात जी भाषा बोललेली मला चालत नव्हती ती मी तंबूपुढे मांडी घालून बोलायला लागलो. आणि एक दिवस मीच म्हणालो, "पुढचा कॅम्प माझ्या गावाला. सगळं रान आपलंच आहे तिथे." सगळं रान म्हणे! काकी कसते म्हणून ते चार तुकडे अजून आपल्या नावावर आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

कल्याणवरून मुरबाड सरळ रस्ता, तासा-सव्वातासाचं काम. पण मुलांना लांबचा प्रवास हवा होता, म्हणून तीन गाड्या हायवेनं शहापूरला नेल्या आणि तिथून किन्हवलीच्या रस्त्यानं सरळगावला उतरवल्या. वाटेत मुलांनी बगळे मोजले, वीटभट्टी बघितली, कलिंगडं खाल्ली आणि सालं एका गाईला घातली. मी पुढच्या गाडीत, वाटाड्या. सरळगाव आलं. मला मुरबाडच्या एसटीतला तो दिवस आठवला. मी दहा वर्षांचा आहे. मांडीवर पत्र्याची ट्रंक आहे. तुम्ही शेजारी बसलायत आणि मुरबाडपासून कल्याणपर्यंत एक शब्द बोलत नाही. मला कुठे नेताय, किती दिवसांसाठी, परत कधी आणणार, काही म्हणजे काही नाही. कल्याणच्या डेपोत उतरल्यावर समोरच्या दुकानातून एक कंपासपेटी घेतलीत, माझ्या हातात दिलीत, मामाच्या दारात मला उभं केलंत आणि पाणीसुद्धा न पिता परत फिरलात. मला माहीत होतं हे कशासाठी ते. महिन्याभरापूर्वी मी राब पेटवला होता, त्याची ही शिक्षा.

तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. चौथीची परीक्षा झालेली. थंडीत तुम्ही ऐनाच्या फांद्या पाल्यासकट तोडून, वेलानं भारे बांधून सुकत ठेवलेल्या. कवळाचे भारे. तुम्ही ते रोपाच्या तुकड्यात शेणावर पसरलेत, वर पातेरा, म्हणजे वाळका पाला, घातलात, वर बारीक माती. हे पेटवलं की माती भाजते, तणाचं बी मरतं, आणि पावसात भाताचं रोप तरारून येतं. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळत होतं की आज आग बघायला मिळणार. तुम्ही हिरवे डहाळे आणायला वळलात, आगपेटी माझ्याजवळच्या दगडावर होती, आणि मी काडी ओढली. वाऱ्याच्या बाजूनं. राब वाऱ्याच्या खालच्या अंगानं पेटवायचा असतो, म्हणजे जाळ वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकतो आणि माती मुरून भाजते, हे मला कोणी सांगितलं होतं? आग एका दमात शेजाऱ्याच्या तुकड्यात गेली, त्याचं वईचं कुंपण जळालं, सगळी वाडी डहाळे घेऊन धावली. आणि ती विझल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारलीत. कान दोन दिवस वाजत होता. मारलंत त्याचं काही नाही आबा, तेव्हा सगळेच बाप मारायचे. पण तुम्ही वाडीला ऐकवलंत, "ह्याच्या हातात परत काडी नाय द्यायची कोनी." आणि तुमचा शब्द तुम्ही मरेपर्यंत पाळलात.

दर मे महिन्यात मी कल्याणवरून यायचो. सगळ्या वाडीचे राब केव्हाच भाजून झालेले असायचे आणि आपला वरचा तुकडा, माळाच्या कडेचा, तेवढा राहिलेला असायचा. दर वर्षी. मला वाटायचं, तुमच्यानं एकट्यानं उरकत नाही. तुम्ही मला बरोबर घेऊन जायचात. मी बांधावर उभा, हात मागे. तुम्ही आगपेटी हातात घेऊन किती तरी वेळ नुसते उभे. वारा बघायचात, माझ्याकडे बघायचात, परत वारा बघायचात. मग स्वतःच काडी ओढायचात. मला वाटायचं, डिवचताय. बघ, तुला देत नाही. सात-आठ उन्हाळे हा तमाशा चालला, मग मी मे महिन्यात यायचंच बंद केलं. तुम्ही एकदाही ये म्हणाला नाहीत.

आता ह्या मे महिन्यातलं ऐका. काकीला मी फोनवर रविवार सांगितला होता. "पोरांना घेऊन येतो, दुपारी जेवायला." प्रत्यक्षात आम्ही शनिवारी सकाळीच माळावर पोचलो होतो. तिला का नाही सांगितलं? कारण ती आली असती. तांदळाची भाकरी घेऊन, गुडघ्यापर्यंत लुगडं, तोंडात मिश्री, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली असती, "किती सुकलास रे पोरा." मला माझं गाव दाखवायचं होतं, गावातली माणसं नको होती. तंबू लागले, मुलांनी कचरा वेचला, झाडांना नावं विचारली. दुपारी बांबूच्या नळीत भात शिजवायचा बेत होता. आता त्याला जाळ सतत लागतो आणि माळावर वेचण्याजोगी काटकी नव्हती. असेल कशी? गावात चुली आहेत, बाया रोज वेचतात. मुलांनी अर्ध्या तासात आणलं ते चहापुरतं. चार वाजत आले. धाकटा भुकेनं रडायला लागला, आणखी दोघं त्याला बघून रडायला लागली, आणि बाकीची सात मोठी माणसं माझ्याकडे बघायला लागली. सगळं रान ह्यांचंच ना.

माळाच्या कडेला, वरच्या तुकड्याच्या बांधावर, भारे रचून ठेवलेले होते. आम्ही ते आणले आणि जाळले. पाल्याचं सरपण कसं जळतं तुम्हाला माहीत आहे, भुर्रकन पेटतं, निखारा धरत नाही, घातलं की संपलं. एक भारा, दुसरा, पाचवा. मुलं टाळ्या पिटत होती. नळ्यांतला भात एकदाचा शिजला तेव्हा बांधावर चार काटक्या उरल्या होत्या. भात धुरकट झाला होता, तरी सगळ्यांनी वा वा केलं. मग राख गार केली, ताटं घासली, उरलेली राख मातीत मिसळून जागा अशी साफ केली की इथे कोणी चूल पेटवली होती हे पोलिसालासुद्धा कळू नये. निघताना काही मागे ठेवायचं नाही हा नियमच आहे.

रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो आणि काकी माळावर आली. एका हातात पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात करवंदं, दुसऱ्या हातात शेणाची पाटी. आधी तिला तंबू दिसले, मग मी दिसलो. "कवा आलास रे? घरी नाय आलास ता?" मी उठून काहीबाही बोललो, पाया पडलो. ती मुलांना करवंदं देते, धाकट्याचा गाल ओढते, आणि मग बांधाकडे बघते. बघतच राहते. पाटी खाली ठेवते, बांधापर्यंत चालत जाते, परत येते. "माझे भारे कोनी नेले रे? समदे नेले!" आबा, माळावर आम्ही पंधरा माणसं होतो. ग्रुपमधल्या मंडळींनी खाली बघितलं. आणि मी म्हणालो, "काल बाइकवर पोरं आली होती काकी, मुंबईकडची. दारू पीत बसली होती. त्यांनीच जाळले असणार. आम्ही आलो तेव्हा निघतच होती." इतकं सफाईदार बोललो. बाइकचा रंगसुद्धा सांगितला.

काकी मटकन खाली बसली. मग तिनं तोंड सोडलं. त्या बाइकवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. "ज्यांनी माझा राब जाळला ना, त्यांच्या पोरांना अन्न गोड नाय लागायचं, सांगते तुला!" माझी दोन्ही पोरं तिच्यापुढे बसून तिनं आणलेली करवंदं खात होती. मीही मान हलवत म्हणालो, हो ना, काय माणसं असतात एकेक. मग ती जरा निवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "खालचे राब कवाच भाजले मी. ह्यो वरचा तुझ्या पोरांसाठी ठेवला व्हता. तू बोललास ना येतो म्हनून. म्हटलं, आज दाखवू त्यांना कसा भाजतात ता. तुझा बाप नाय ठेवायचा तुझ्यासाठी? दर साली ठेवायचा. मी बोलायची, दादा, पेटवा ना आता, पाऊस येल. तर बोलायचा, पोरगा येऊ दे. एकदा तरी काडी मागल माझ्याकडं."

ऐकलंत आबा? काकीनं सांगितलं मला. एवढ्या वर्षांनी, माळावर, पोह्यांच्या ताटलीसमोर, मी तिचा राब जाळून तिला खोटं सांगितल्यावर मला हे कळलं! अहो, तोंड होतं ना तुम्हाला? बैलांशी तास न् तास बोलायचात, मी स्वतः ऐकलंय. वाऱ्याशी बोलायचात. मग मला एवढंच सांगायला काय झालं होतं, की घे, ओढ काडी? मी का मागायची? मी लहान होतो, तुम्ही बाप होतात, काडी तुमच्याकडे होती. तुम्हीच वाडीसमोर सांगितलं होतंत ह्याच्या हातात द्यायची नाही म्हणून, आणि मग सात-आठ वर्षं वाट बघत बसलात मी मागेन म्हणून? हा काय शहाणपणा झाला? मी आयुष्यभर समजत आलो की मला शेतातून हाकलून लावलंत. आणि तुम्ही तिथे पाल्याचे भारे राखत बसला होतात. संताप येतो मला हे लिहिताना. एक शब्द बोलला असतात तर मी दर मे महिन्यात धावत आलो असतो. तुमच्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यात तीन दिवस तुमच्या उशाशी होतो, तेव्हा तरी बोलायचं होतं. तेव्हा काय म्हणालात, आठवतंय? "गाडी मिळेल ना तुला परत?"

आम्ही परत निघालो. किन्हवलीच्या अलीकडे मुलीनं मागच्या सीटवरून विचारलं, "बाबा, पण ती लाकडं तर आपण जाळली ना? मग आजीला तसं का सांगितलं?" बायको खिडकीबाहेर बघत होती. ती सकाळीच मला तंबूमागे नेऊन म्हणाली होती, "आत्ता जा आणि सांग त्यांना." मी गेलो नव्हतो. मुलीनं परत विचारलं. मी गाडी चालवता चालवता मागे वळून तिच्यावर ओरडलो, "गप्प बस! लहान तोंडी मोठा घास नको. एक शब्द बोललीस तर इथेच उतरवीन." आबा, माझा आवाज हुबेहूब तुमचा आला. ती गप्प बसली, ती बसलीच. पूर्वी दिवसाला शंभर प्रश्न विचारायची, हे का, ते का, जीव नकोसा करायची. आता जेवते, शाळेत जाते, काही विचारलं की उत्तर देते. दोन महिने झाले, तिनं मला आपणहून एक प्रश्न विचारलेला नाही. माझ्यासमोरून जाताना हात मागे बांधून जाते. मी कोणाकडे तक्रार करू? ही खोड तिला कुठून लागली ते मला ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात काकीचा फोन आला. लावणीला ये म्हणाली, पोरांना आण, चिखलात खेळतील. वरच्या तुकड्याचं विचारलं तर म्हणाली, "त्यात तन लई. रोप पिवळं पडलंय, हाताएवढं पन नाय. शेन टाकला नुसता, काय करनार, कवळ थंडीतच तोडायला लागतं. खालचं बरं हाय, भागल." आणि परत त्या बाइकवाल्यांना चार शिव्या दिल्या. तिचं वय झालंय आबा. ते भारे तिनं थंडीत एकटीनं झाडावर चढून तोडले, डोक्यावरून वाहिले, माझ्या पोरांना एक दिवस गंमत दाखवायला. मी म्हणालो, बघतो काकी, रजा मिळाली तर येतो.

आत्तापर्यंत मी 'आम्ही जाळले' असं लिहिलंय, वाचून बघितलं. तेही सोडतो आता. ग्रुपमधल्या एका बाईनं काल फोटो पाठवले, शाळेत लावायला निवडा म्हणून. एका फोटोत मी आहे. डोक्यावर भारा, एक हात वर बंधाला धरलेला, दुसरा कमरेवर. तुम्ही चालायचात तसा. लाकडाची मोळी असं कोणी धरत नाही, पाल्याचा भारा धरतात. त्याच बाईनं, मी पहिला भारा उचलायला गेलो तेव्हा, मला विचारलं होतं, "हे कोणाचं तर नाही ना? नीट बांधून ठेवलंय." नियमांची पक्की आहे ती. तिला नावं ठेवायला मी सगळ्यात पुढे असतो, पण विचारलं तिनंच. मी म्हणालो, "छे हो, इथे असंच पडलेलं असतं." पाल्यासकट फांद्या कोणी सरपण म्हणून ठेवत नाही, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. बंधाचा पीळ तुमचाच होता, काकी तुमच्याकडूनच शिकली असणार. तो सोडवताना माझी बोटं अडखळली नाहीत. मला ओळखू आलं होतं आबा. बघताक्षणी आलं होतं. धाकटा रडत होता, सगळे बघत होते, आणि मला माझा मान गमवायचा नव्हता. शेती मला कोणी शिकवली नाही, मला काय कळणार, हे मी बायकोला दोन महिने ऐकवतोय, आणि तुमच्यावर आग पाखडतोय ते त्याच जोरावर.

तर हे पत्र कुठे जाणार नाही. जायला हवं होतं ते काकीकडे, आणि काकीला वाचता येत नाही. तिच्याकडे जाऊन, बांधावर उभं राहून तोंडानं बोलावं लागेल, पोरांच्या देखत. तुमच्यापुढे तसं काही करावं लागत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. इथवर लिहून झालं तेव्हा मुलगी आतून आली. टेबलाशी थांबली, पानाकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं आपणहून विचारलं, "बाबा, कोणाला लिहिताय?"

ऑफिसचं काम आहे, म्हणालो.